आठ वर्षांचा महारुद्र

पुणे,
२० नोव्हेंबर २०२४

शिवे,

तुझी अट मान्य. फोन नाही, मेसेज नाही, पत्रच. पोस्टात जाऊन पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कोर्टाचं काही आहे का?" मी म्हटलं, मैत्रिणीला लिहायचंय. त्यांनी शेजारच्या खिडकीतल्या बाईंनाही बोलावून मला दाखवलं.

पण तुझं म्हणणं खरं आहे. पोरांनी फोन ठेवावा म्हणून मी अ‍ॅप बनवणार आणि त्याबद्दल आपण दोघी रात्रंदिवस फोनवर बोलणार, हे बरं दिसत नाही.

आता काम सांगते. मूल फार वेळ फोन बघत बसलं की पडद्यावर एक पोपट येतो. त्याचं नाव राघू. तो मुलाला नावानं हाक मारतो, दोन गोड शब्द बोलतो, आणि एखादा छंद सुचवतो. मूल फोन ठेवून उठलं की किती वेळ ठेवला ते आम्हाला इथं ऑफिसात कळतं. काही बनवलं आणि त्याचा फोटो टाकला, की राघू पंख पसरून नाचतो. एवढंच. तो नाच बसवायला आम्हाला दोन महिने लागले, हे कुणाला सांगू नकोस.

पुण्यातल्या मुलांवर करून पाहिलं. ती मुलं इतक्या शिकवण्यांना जातात की छंद करायला त्यांना वेळच नाही. आमचे शिवानंद सर म्हणाले, एखाद्या गावात करून बघू. माझ्या तोंडून सास्तूर निघून गेलं. तुझ्या शिलाई मशीनभोवती चिंध्या वेचायला दिवसभर जी पोरं जमतात, त्यांच्या घरच्या फोनवर एवढं घालून दे. सरांनी मला जानेवारीपर्यंत वेळ दिलाय. तोवर काही दिसलं नाही तर राघू बंद, आणि मी साड्यांच्या दुकानाचं सवलतीचं अ‍ॅप करायला बसणार. लोहाऱ्याच्या शाळेत तुला निबंध कुणी लिहून दिले ते आठव आणि मदत कर.

अम्मी-अब्बांचा तुला सलाम. शिवप्रियेला खूप पाप्या. धनाजीरावांना नमस्कार.

तुझी,
निखत

·

सास्तूर,
१ डिसेंबर

निखू,

ईरण्णा पोस्टमन पाकीट हातात देईचना. आधी म्हणाला, "वहिनी, बसून वाचा. काय वाईट असंल तर पाणी आणून ठेवतो." मी वाचताना हसायला लागले तेव्हा कुठं तो सायकलीवर बसला.

तुझा राघू गल्लीत सगळ्यांच्या फोनवर घालून दिला. पहिल्या हाकेलाच मी ओळखलं. तो पोपट न्हाय, तू आहेस. नाकातून बोललं म्हणून मला कळणार नाही असं वाटलं का तुला? 

आता काय झालं ते ऐक. तुझा राघू पहिल्यांदा गोड बोलतो, दुसऱ्यांदा जरा समजावतो, आणि तिसऱ्यांदा पिसं फुलवून ओरडतो, "आता मात्र मी रागावलो." पोरांना ते ओरडणं लई आवडलं. त्याला राग यावा म्हणून आता गल्लीतली झाडून सारी पोरं फोन धरून बसतात. ज्या पोरांना कधी फोनचं वेड नव्हतं तीसुद्धा. काल सहा डोकी एका फोनवर, सगळे श्वास रोखून, आणि राघू चिडला की गावभर ऐकू जाईल असा कल्ला. शेजारची सिताबाई मला म्हणाली, "शिवकन्या, तू पोरास्नी फोन सोडवायचं औषध आणलंस का लावायचं?"

आणि ती छंदांची यादी कुणी केली? स्केटिंग. आमच्या रस्त्यावर ट्रॅक्टरसुद्धा जपून चालतो. पियानो तर सास्तूरमध्ये सोड, अख्ख्या लोहारा तालुक्यात असला तर दाखव. पोरं मला विचारतात पियानो म्हणजे काय, मी सांगितलं मोठी पेटी. तर एक जण घरातली कपड्यांची पेटी वाजवत बसला.

माझा फोन मी शिवप्रियेला देत नाही, म्हणून तिनं राघू आजोबांच्या फोनवर घातलाय. मामांचं तर तुला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी अत्याबाई गेल्या, सासऱ्यांना एकट्यानं करमेना, म्हणून ह्यांनी फोन घेऊन दिला. मामा त्यात जे शिरले ते शिरलेच. सकाळपासून ओसरीवर बसून रील बघतात. आवाज एवढा की मशीनवर बसल्या बसल्या मला सगळे विनोद पाठ झालेत. जेवायला हाक मारली की "हूं". ताटात काय आहे ते न बघता जेवतात. बाप असा बसलेला बघून ह्यांना वाईट वाटतं, पण फोन आपणच दिलाय, आता काढून कसा घेणार.

ते असो. तुझ्या पोपटाला आधी सुधार.

तुझी,
शिवकन्या

·

पुणे,
९ डिसेंबर

शिवे,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्यानं वाचलं. पेटीपाशी आल्यावर सगळे टेबलावर डोकी ठेवून हसले. शिवानंद सर हसले नाहीत. राघूला राग आणायची कल्पना त्यांची होती.

तो राग काढून टाकलाय. आता सकाळी फोन उघडला की राघू पहिली हाक मारतो, आणि तिसऱ्या हाकेला जांभई देऊन झोपतो. झोपला की संध्याकाळपर्यंत उठत नाही, काही केलं तरी. यादीसुद्धा बदलली. पियानो गेला. खाली एक कोरी ओळ ठेवलीय, तिथं ज्याला जे करावंसं वाटेल ते त्यानं लिहावं. आवाज माझाच आहे, पण तेवढं गावात कुणाला सांगू नकोस. बोलते मी, आणि मुलांची नावं माझ्याच आवाजात मशीन जोडून घेतं.

आता खरी गोष्ट. शिवे, तुमच्या सास्तूरमध्ये एक हिरा आहे. नाव महारुद्र, वय आठ. पहिले काही दिवस ह्या पोराचा फोन सकाळपासून चालू असायचा. एवढा फोन बघणारं मूल आमच्याकडं दुसरं नव्हतं. इथं सगळे म्हणायचे, ह्याचं काही होणार नाही. मग कोऱ्या ओळीवर त्यानं लिहिलं, "भोवरा". दुसऱ्या दिवशी फोन दुपारपर्यंत बंद. तिसऱ्या दिवशी दिवसभर बंद. फक्त सकाळी राघूची हाक ऐकायला उघडतो, ऐकतो आणि ठेवून देतो. त्यानं स्वतः तासलेल्या भोवऱ्यांचे फोटो टाकलेत. असे सुबक की बघत राहावं. घरातलं कुणी थोरलं शिकवत असणार.

शिवानंद सर तर वेडे झालेत. ११ जानेवारीला इथं एका सभागृहात आमचा कार्यक्रम आहे. शाळांचे लोक येणार, राघूला पुढं चालवायला मदत करू शकतील असे मोठे लोक येणार. सरांना त्या दिवशी महारुद्र मंचावर हवाय. त्याला बक्षीस द्यायचं ठरलंय.

तर मला लगेच कळव. कुणाचा मुलगा आहे? कुठल्या शाळेत जातो? आई-वडील काय करतात? स्वभाव कसा आहे? मंचावर घाबरणार तर नाही ना?

घाईत,
निखत

·

सास्तूर,
१६ डिसेंबर

निखू,

तू काहीतरी घोळ घातलास. महारुद्र नावाचं पोरगं आमच्या गल्लीत न्हाय. ह्या नावाचं कुणी मला आठवतच नाही. थांब, फोनवर नावं शिवप्रियेनं भरली होती, तिला विचारून येते.

विचारून आले.

आहे असा एक. माझ्याच लक्षात आलं नव्हतं. तू विचारलंस त्याची उत्तरं देते.

शाळा सुटलीय त्याची. आई-वडील नाहीत, वारले. नातेवाइकांकडं राहतो, ती माणसं बरी आहेत, पण आपापल्या कामात असतात. स्वभावानं गरीब. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळं हसला की लाजतो. गोडाची लई आवड, पण त्याला गोड देत नाहीत. भोवरा त्याला कुणी शिकवला नाही, त्याचं त्यालाच येतं.

पण त्याला पुण्याला बोलावू नकोस. प्रवास झेपायचा नाही. बक्षीस दुसऱ्या कुणाला द्या, गल्लीत चांगली पोरं पुष्कळ आहेत.

राघू आता झोपतो ते बरं झालं. पहिल्या दिवशी पोरांना वाटलं मेला. दोघं तिघं रडली. नंतर समजलं झोपलाय, तर गल्लीत सगळे कुजबुजत बोलायला लागले. संध्याकाळपर्यंत करायचं काय, म्हणून खेळायला गेले. एकूण तुझं बरं चाललंय.

फोन करू नकोस. अट आहे.

शिवकन्या

·

पुणे,
२३ डिसेंबर

शिवे,

मी फोन केला आणि तू कट केलास, ते मला कळलं. अट अट काय लावलीस.

तुझं पत्र मी सरांना वाचून दाखवलं. अनाथ, शाळा सुटलेली, दात पडलेले आणि तरी स्वतःच्या हातानं भोवरे करणारा मुलगा. सरांनी चष्मा काढून पुसला. मग खोलीतल्या सगळ्यांनीच काही ना काही पुसलं. आता तो आलाच पाहिजे, दुसरं तिसरं कुणी नको. त्याला बक्षीस म्हणून लाल रंगाची सायकल घेतलीय. कार्यक्रमाच्या मोठ्या फलकावर आम्ही त्याचं नाव घातलंय: "आठ वर्षांच्या महारुद्रनं फोन ठेवला". फलक छापूनही झाला.

सरांच्या मिसेसनी त्याच्यासाठी कपडे घेतलेत. निळा सदरा, अर्धी चड्डी आणि बो. ते आणि थोडी चॉकलेटं पार्सलनं पाठवतेय. माप अंदाजानं घेतलंय, कमी-जास्त झालं तर तू आहेसच. प्रवासाची काळजी करू नकोस, गाडी पाठवायची म्हणतात.

शिवे, खरं सांगू? गेले चार दिवस मी जमिनीवर चालत नाहीये. माझ्या नाकातल्या आवाजानं एका पोराचा दिवस बदलला, ह्याचा विचार आला की जिन्यावरसुद्धा हसू येतं. राघू चालू राहणार असं सगळे धरून चाललेत. साड्यांचं दुकान टळलं.

त्याला माझ्याकडून जवळ घे. घरी त्याला कुणी जवळ घेत नसेल.

निखत

·

सास्तूर,
३१ डिसेंबर

निखू,

बस. पाणी घेऊन बस.

महारुद्र म्हणजे आमचे मामा. माझे सासरे. वय अडुसष्ट.

मी तुला एकही खोटं लिहिलं नव्हतं, ते पत्र परत काढून बघ. शाळा सुटलीय, आई-वडील नाहीत, दात पडलेत, साखरेमुळं डॉक्टरनं गोड बंद केलंय. मला वाटलं तू एवढ्यावर सोडून देशील. तुम्ही तिकडं रडायला बसाल हे मला काय माहीत.

झालं असं. शिवप्रियेनं राघू आजोबांच्या फोनवर घातला, तेव्हा नाव विचारलं. फोन आजोबांचा, म्हणून तिनं आजोबांचं नाव लिहिलं. मग वय. तुझ्या यादीत सहापासून चौदापर्यंतच वयं आहेत. तिनं अडुसष्ट शोधलं, सापडेना. मग म्हणाली, निदान आठ तरी आहे, आणि तेच दाबलं. मी ओरडले तर उलट मलाच विचारते, "मग मी काय करायचं होतं? आजोबांना चौदा वर्षांचं करायचं होतं?" आणि मला नाव आठवलं नाही ते खरंच आठवलं नाही. सासऱ्यांचं नाव मी लग्नापासून फक्त रेशनकार्डावर वाचलंय. आणि तू आठ वर्षांचं पोरगं म्हटलंस, म्हणून भोवऱ्यावरूनही मामा सुचले नाहीत.

मामांनी तर हे सगळं कुणाला न सांगता चालवलं होतं. सकाळी तुझा राघू म्हणायचा, "महारुद्र बाळा, डोळे दुखत असतील रे. चल, हातानं काहीतरी करू." एक दिवस मी बघते तर मामा त्याला उत्तर देत होते. "करू की. काय करू सांग." नंतर कोयता आणि बाभळीचा तुकडा घेऊन परसात गेले. मला वाटलं सरपणाचं बघतायत. दुपारी परसात गेले तर ढलप्यांचा ढीग, आणि मध्ये मामा बसून भोवऱ्याच्या टोकाला लोखंडी आर ठोकतायत. फोन ओसरीवर एकटाच पडलेला.

तुझं पार्सल आलं शनिवारी. ईरण्णानं ते दारात उघडायलाच लावलं. त्यातून अर्धी चड्डी निघाली. मामा म्हणाले, "कुणाची गं?" मला खोटं सुचेना. सगळं सांगून टाकलं, फलकासकट.

काल येळवस होती. तुला आठवतंय ना, अमावास्येला अख्खं गाव शेतात जेवायला. आमच्या शेतात गल्लीतली सगळी होती. भज्जी, उंडे, आंबील, सगळं वाढून झालं आणि ह्यांनी विषय काढला. म्हणाले, "शिवकन्याची मैत्रीण अडचणीत यायला नको. ईरण्णाचा नातू आठ वर्षांचा आहे. त्याला भोवरा शिकवू आणि महारुद्र म्हणून पाठवू." सगळ्यांना पटलं. सिताबाई म्हणाली, चड्डी पण त्याला बसतीय.

मामा आंबील पीत होते. गाडगं खाली ठेवलं आणि म्हणाले, "फोन कुनी ठिवला?"

सगळ्यांनी वळून मामांकडं बघितलं.

"भोवरा कुनी केला? म्या केला. मग बक्षीस माझं हाय. दुसऱ्याचं पोरगं माझं नाव सांगत का फिरंल?"

ह्यांनी समजावलं, "अण्णा, तिथं मोठी मोठी माणसं येणार, लोक हसतील."

"हसू दे की. रीलमधी काय रडत हुते व्हय?"

झालं. दोन वर्षांत मामा एवढं बोलले नव्हते. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाप मोठ्यानं बोलला म्हणून आनंद व्हावा, का निखतची नोकरी जाणार म्हणून भीती वाटावी, हेच त्यांना ठरवता येईना.

मामा यायचं म्हणतायत. फेटा धुवायला टाकलाय. लग्नसराईचे ब्लाऊज शिवायचे पडलेत म्हणून मला येता येणार नाही. हे आणि शिवप्रिया बरोबर येतील. आता तू सांगशील तसं.

तुझी,
शिवकन्या

·

पुणे,
४ जानेवारी २०२५

शिवे,

मी आधी ओरडले. मग हसले. मग बाथरूममध्ये जाऊन पुन्हा पत्र वाचलं आणि भिंतीला टेकून इतकी हसले की बाहेरून कुणीतरी विचारलं, बरं वाटतंय ना. मग रडू आलं, कारण फलक सहा फुटी आहे आणि तो माझ्या टेबलाच्या मागं उभा केलाय.

सरांना सांगायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं. लिफ्टमध्ये गाठलं.

"सर, महारुद्र थोडा मोठा आहे."

"किती?"

"बराच."

"नऊ-दहा असेल तरी चालेल," असं म्हणाले आणि तिसऱ्या मजल्यावर उतरून गेले. नंतर दोनदा त्यांच्या दाराशी गेले. एकदा ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, "अहो, त्याचे पुढचे दात नाहीत, तुम्ही बघाच." मी परत फिरले.

भेकड म्हण. पण ईरण्णाच्या नातवाला पाठवू नकोस. अब्बांना फोनवर सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "बेटा, म्हातारा खरा आहे ना? मग खरंच येऊ दे." त्यांचंच मला पटलं. मामांना घेऊन या. नोकरी जायचीच असेल तर एका खऱ्या माणसामुळं जाऊ दे.

चड्डी आणू नका.

निखत

·

पुणे,
१२ जानेवारी

शिवे,

ते तिघं नीट पोचले असतील. धनाजीरावांनी तुला सांगितलं असेलच, तरी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते, कारण ते सगळा वेळ तोंड झाकून बसले होते.

सभागृह भरलेलं. मी मामांना पडद्यामागं खुर्ची दिली. धोतर, कोट, गुलाबी फेटा, कोटाच्या दोन्ही खिशांत भोवरे. मी त्यांच्या पाया पडून म्हटलं, "मामा, मीच निखत." ते माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "आवाज वळखीचा हाय." मी त्यांना पाणी आणून दिलं.

शिवानंद सरांनी मंचावर महारुद्रची सगळी गोष्ट सांगितली. अनाथ, शाळा सुटलेली, सगळं. पुढच्या रांगेतल्या बायका रुमाल काढायला लागल्या. "आता भेटू या आपल्या आठ वर्षांच्या छोट्या दोस्ताला. महारुद्र." टाळ्या. मामा उठले, फेटा सारखा केला आणि थेट मध्यभागी जाऊन उभे राहिले.

टाळ्या हळूहळू थांबल्या. सर मामांच्या पाठीमागं बघत होते. मग वाकून म्हणाले, "आजोबा, नातू कुठंय?"

"नात हाय, ती खाली बसलीय. महारुद्र म्याच."

सरांनी वळून माझ्याकडं पाहिलं. शिवे, मला पळता आलं असतं, मागं दार होतं. पण मामा एवढ्या माणसांत एकटे उभे होते. मी गेले, माइक घेतला आणि सगळं सांगितलं. वयाची यादी मी केली, तीत चौदाच्या पुढं कुणाला जागाच ठेवली नाही, म्हणून अडुसष्टमधलं आठ उरलं. बाकी सगळं खरं आहे, आई-वडीलसुद्धा आणि दातसुद्धा. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मग सगळं सभागृह.

मामांना त्याचं काही नव्हतं. ते लोकांबरोबर हसत होते, पुढचे दात नसलेलं तोंड उघडून. सरांना म्हणाले, "हात पसर." सरांना काही सुचत नव्हतं, त्यांनी पसरला. मामांनी दोरी गुंडाळली, भोवरा हवेत फेकला, खाली येऊच दिला नाही, वरच्या वर तळहातावर झेलला आणि फिरता फिरता सरांच्या हातावर सरकवला. सर आधी दचकले. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी तीन वर्षांत ऐकला नव्हता. गुदगुल्या होतात म्हणे. माइक चालू, आणि आमचे साहेब खी खी करतायत.

पुढच्या रांगेतला एक जाड गृहस्थ उठून मंचावर आला, हात पुढं करून. दुसऱ्या हातानं तो फोनवर चित्रण करत होता. मामा त्याला म्हणाले, "फोन ठिव बाबा. ध्यान तिकडं गेलं की भोवरा पडतो." त्यानं निमूटपणे खिशात टाकला. नंतर रांगच लागली. कार्यक्रमपत्रिकेतलं पुढचं काहीच झालं नाही.

शेवटी एका शाळेच्या बाईंनी विचारलं, "आजोबा, तुम्ही फोन कसा काय सोडलात?" मामांनी हातातला भोवरा खिशात ठेवला. मग म्हणाले, "आई हुती तवर नावानं हाक मारायची. ती गेली. मग कारभारीण, ती नाव घ्यायची न्हाय, पर रागावली की घ्यायची. ती बी गेली. आता घरात मामा, गल्लीत आजोबा, दवाखान्यात काका. ह्या पोपटानं 'महारुद्र बाळा' म्हनलं. पयल्या दिशी वाटलं, चेष्टा करतोय. दुसऱ्या दिशी म्या वाट बघितली."

मी म्हटलं, "मामा, तो पोपट मी आहे." ते म्हणाले, "ते मगाशीच कळलं. पोपट जरा हिरवा असंल असं वाटलं हुतं." तेव्हा मात्र छत उडायचं बाकी राहिलं.

आता बाकीचं. सरांनी आज मला बोलावून चांगलं झापलं. मला अंधारात ठेवलंस, पुन्हा असं केलंस तर घरी बसवीन, म्हणाले. त्यांचं बरोबर आहे, मी ऐकून घेतलं. दोन मोठे पाहुणे मध्येच उठून गेले, ते परत येणार नाहीत. पण तो जाड गृहस्थ राहिला, आणि त्यानंच राघूला आणखी वर्षभर चालवायचं कबूल केलंय. वयाची यादी मी सकाळीच काढून टाकली. आता ज्याचं जे वय असेल ते त्यानं लिहावं.

सायकल मामांनी घेतली का?

तुझी,
निखत

·

सास्तूर,
२१ जानेवारी

निखू,

घेतली म्हणजे काय. पुण्याहून येताना गाडीच्या टपावर बांधून आणली. शिवप्रियेला दिली, पण "सायकल कुनाची?" असं रोज एकदा तिच्याकडून वदवून घेतात.

तुझं पत्र मी मशीनवर बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. सिताबाईनं पोपटाचं परत वाचायला लावलं. ह्यांनी मात्र मला काहीच सांगितलं नव्हतं. विचारलं की "चांगलं झालं" म्हणायचे आणि डोळे पुसत गोठ्याकडं जायचे. तुझ्या पत्रातूनच सगळं कळलं.

इथली तऱ्हा सांगते. आमच्या परसात आता शाळा सुटली की पोरं, आणि शाळा सुटायच्या आधी पोरांचे आजोबा. दोन म्हातारे तर येरमाळ्याहून लेकीकडं आलेले, ते परत जायचं नाव काढीनात. तासायला बाभळ पुरेना. मी सुई-दोरा घेऊन शिकवणीला बसवलेल्या पोरीसुद्धा उठून तिकडं पळतात, त्यामुळं माझा धंदा बसलाय आणि मला त्याचं काही वाटत नाही. खोटं कशाला, काल दार लावून मी पण एकदा फेकून बघितला. आरसा थोडक्यात वाचला.

शनिवारी मोठं भांडण झालं. मामा म्हणाले, ईरण्णाच्या नातवानं दोरी ओली करून आणली, ही लबाडी हाय. नातू म्हणाला, आजोबाच पाऊल पुढं टाकून फेकतात. दोघंही ऐकेनात. मामा रागानं आत येऊन बसले, पोरगं बाहेर पायरीवर. बाकीची पोरं आत-बाहेर निरोप नेत होती. शेवटी शिवप्रियेनं निकाल दिला, दोघंही लबाड. तो दोघांना मान्य झाला.

मग दुपारी जेवायला वाढलं. वांग्याची भाजी होती. मामांनी पहिला घास घेतला, थांबले आणि ताट जरा पुढं सरकवलं. मी म्हटलं, काय झालं?

म्हणाले, "मीठ कमी हाय. परवा बी कमी हुतं."

निखू, दोन वर्षं मी त्यांना वाढतेय. खारट झालं, करपलं, एकदा तर मीठ घालायचीच विसरले होते, पण त्या माणसाला कशाची चवच कळत नव्हती. मी तिथंच उभी राहिले. हे घाबरून माझ्याकडं बघायला लागले, त्यांना वाटलं मला राग आला. मी आत गेले, डबा आणला, त्यांच्या ताटात मीठ वाढलं. मामांनी कालवलं, चाखलं आणि म्हणाले, "आता जरा जास्त झालं."

मग आम्ही दोघं भांडलो. दोघंही मोठमोठ्यानं बोलत होतो. असं जेवण आमच्या घरात लई दिवसांत झालं नव्हतं.

तुझी,
शिवकन्या